थेंबाथेंबाची पुंजी

महिनाअखेरीस पगार खात्यात जमा होणे ही नोकरदार माणसाच्या आयुष्यातील इतकी सवयीची गोष्ट आहे, की आपले सारे संसारगणित तिच्यावर उभे आहे, हे सहसा ध्यानातही येत नाही. घरभाडे, वाण्याचे बिल, मुलांची फी, विम्याचा हप्ता या सर्वांच्या तारखा त्या एका तारखेभोवती फिरत असतात. मुक्त कलावंताच्या वाट्याला ही निश्चिंती येत नाही. काढलेले चित्र स्वीकारले जाईलच असे नाही. स्वीकारले गेले तरी ते कधी छापले जाईल आणि मानधनाचा धनादेश केव्हा हाती पडेल, हे त्याच्या हाती नसते. त्याच्या आयुष्यात महिन्याची पहिली तारीख ही कॅलेंडरवरील इतर तारखांसारखीच एक तारीख असते.

अशा अनिश्चिततेत एखाद्याने पाच-सहा दशके कुंचला आणि लेखणी यांच्या बळावर काढावीत आणि सत्तरी ओलांडल्यावर हाती आलेली पुरस्काराची रक्कम परक्यांच्या घरातील गळके नळ दुरुस्त करण्यासाठी खर्चावी, ही हकिकत कल्पित वाटेल. परंतु ती खरी आहे. चित्रकथाकार, व्यंगचित्रकार, चित्रकार आणि साहित्यिक आबिद सुरती यांची ही कारकीर्द आहे. तिचा आरंभ मुंबईच्या डोंगरीत झाला आणि तिचे सर्वांत अनपेक्षित पर्व ठाणे जिल्ह्यातील मीरा रोड येथे घडले.

वाट्याला आलेले एक पान

आबिद सुरती यांचा जन्म ५ मे १९३५ रोजी गुजरातमधील राजुला परिसरातील एका गुजराती मुस्लिम कुटुंबात झाला. कुटुंबाची आर्थिक घडी विस्कटली आणि ते मुंबईला येऊन डोंगरीच्या दाट वस्तीत, एका खोलीच्या बिऱ्हाडात स्थिरावले. आईने लोकांच्या घरी काम करून संसार रेटला. पाण्यासाठी पहाटे चारपासून रांग लावावी लागे, आणि त्या रांगेत उभी राहणारी आई हे दृश्य मुलाच्या मनात कायमचे कोरले गेले. सहा दशकांनंतर त्याचे काय झाले, ते पुढे येईलच.

ते दिवस दुसऱ्या महायुद्धाचे होते. मुंबई बंदरात उतरलेल्या परदेशी सैनिकांना गोदीतून व्हिक्टोरिया टर्मिनसकडे नेणाऱ्या गाडीमागे वस्तीतील मुले धावत. सैनिक गाडीतून गोळ्या, खाऊ आणि वाचून झालेली पुस्तके फेकत. एकदा त्यांनी मिकी माऊसचे एक कॉमिक भिरकावले. मुलांची त्यावर झुंबड उडाली, पुस्तकाच्या चिंध्या झाल्या आणि आबिदच्या हाती त्यातील एक पान लागले. ते पान समोर ठेवून त्याने मिकी गिरवायला घेतला. पुढे जे शिक्षण झाले ते झालेच. परंतु चित्रकथा या माध्यमाची पहिली दीक्षा त्या एका फाटक्या पानाने दिली, असे सुरती यांनी अनेकदा सांगितले आहे.

शाळेत असताना ते बालवीर पथकात होते. बालवीरांचा ‘खरी कमाई’ हा उपक्रम अनेक वाचकांना आपल्या शालेय दिवसांतून आठवत असेल. मुलांनी घरोघर जाऊन छोटी कामे करावीत, श्रमाचे चार पैसे मिळवावेत आणि ते पथकाला द्यावेत, अशी त्यामागील कल्पना. कोणी बुटांना पॉलिश करी, कोणी बागेला पाणी घाली. आबिद सुरती यांनी मात्र आपली व्यंगचित्रे घेऊन ‘टाइम्स ऑफ इंडिया’चे कार्यालय गाठले आणि तेथे चित्र विकले. रेषेलाही बाजारात किंमत असते, ही जाणीव शाळकरी वयातच पदरात पडली. अर्थार्जनाच्या दृष्टीने पाहिले, तर त्यांच्या कारकिर्दीची पहिली नोंद येथे झाली.

१९५२-५३ च्या सुमारास ‘रमकडुं’ या गुजराती बालमासिकात त्यांची चित्रमालिका येऊ लागली. १९५४ मध्ये त्यांनी सर ज. जी. कलाशाळेची पदविका मिळवली. पदविका मिळाली तरी पोटाचा प्रश्न सुटला नव्हता. चित्रपटांच्या सेटवर पडेल ते काम करणाऱ्या ‘स्पॉट बॉय’पासून त्यांनी उमेदवारी केली, पण एकीकडे चित्रे काढणे आणि लिहिणे सुरूच ठेवले.

तात्पुरती जागा, तीन दशकांचे ठाण

सुरती यांचे नाव घरोघर पोचले ते ‘ढब्बूजी’मुळे. मराठी माणसाला ढब्बू म्हटले की जुना जाडजूड ढब्बू पैसा आठवतो, नाही तर बाजारातील ढब्बू मिरची. सुरती यांचा ढब्बूजीही असाच बुटका, रूपाने कोणावर छाप न पाडणारा; मात्र जिभेने तिखट. या पात्राचा प्रारंभ फारसा आशादायक नव्हता. प्रथम ते एका गुजराती नियतकालिकात आले आणि तेथे त्याची कोणी दखल घेतली नाही. दुसऱ्या एखाद्याने ती फाईल कायमची मिटली असती.

त्या काळी मुंबईहून प्रसिद्ध होणारे ‘धर्मयुग’ हे हिंदीतील अग्रगण्य साप्ताहिक होते आणि डॉ. धर्मवीर भारती त्याचे संपादक होते. एका दुसऱ्या चित्रमालिकेची जुळवाजुळव होईपर्यंत काही आठवडे रिकामी जागा भरून काढायची होती. सुरती यांनी बाजूला पडलेला ढब्बूजी पुढे केला. ती मालिका वाचकांना इतकी भावली, की तात्पुरती दिलेली जागा कायमची झाली आणि ढब्बूजी सुमारे तीन दशके त्या जागी ठाण मांडून बसला.

या यशाची एक बाजू वाचकांना दिसत नाही. साप्ताहिकाचे पान दर आठवड्याला रिकामे होते आणि ते दर आठवड्याला भरावे लागते. घरात आजारपण असो, मन लागत नसो, विनोद सुचत नसो, ठरलेल्या दिवशी चित्र संपादकाच्या हाती पडलेच पाहिजे. वर्षाला बावन्न आठवडे धरले, तर तीन दशकांत ही संख्या दीड हजारांच्या घरात जाते. प्रत्येक वेळी तीन-चार चौकटींत एक प्रसंग उभा करायचा, शेवटच्या चौकटीत वाचकाला हसवायचे आणि पुढच्या आठवड्यासाठी पुन्हा कोऱ्या कागदासमोर बसायचे. एखादी उत्तम चौकट सुचणे हे प्रतिभेचे देणे असेल. दीड हजार वेळा वेळेवर ती पोचवणे हे शिस्तीचे फळ आहे. पगार नसलेल्या माणसाने स्वतःसाठी निर्माण केलेली ही एक प्रकारची आवर्ती ठेवच होती.

बहादूर : भारतीय मातीतला नायक

चित्रकथांच्या मराठी वाचकांना ‘इंद्रजाल कॉमिक्स’ची ओळख नव्याने करून द्यायला नको. १९६४ मध्ये सुरू झालेल्या आणि अनेक भारतीय भाषांतून निघणाऱ्या या मालेने वेताळ आणि मँड्रेक यांना भारतीय घरांत आणले. हे नायक लोकप्रिय होते. मात्र त्यांचे जंगल, त्यांचे शत्रू, त्यांच्या चालीरीती सारे परदेशात कल्पिलेले होते. भारतीय वाचकाला भारतीय नायक द्यावा, या विचारातून डिसेंबर १९७६ मध्ये ‘बहादूर’ अवतरला. त्याची निर्मिती आबिद सुरती यांची. चित्रे गोविंद ब्राह्मणिया यांनी काढली.

या नायकासाठी सुरती यांनी पार्श्वभूमी निवडली ती चंबळच्या खोऱ्यातील दरोडेखोरीची. १९७२ मध्ये जयप्रकाश नारायण यांच्यापुढे चंबळच्या दरोडेखोरांनी शस्त्रे ठेवली होती आणि तो विषय लोकांच्या मनात ताजा होता. बहादूर हा दरोडेखोराचा मुलगा. बाप पोलिसांच्या गोळीला बळी पडतो आणि ज्या पोलीस अधिकाऱ्याच्या हातून तो मारला जातो, तोच त्या मुलाला वाढवतो. सूडाची शपथ घेण्यासाठी याहून सबळ कारण कोणते असणार? सुरती यांचा नायक ती वाट सोडून गावकऱ्यांना एकत्र करतो, नागरिक सुरक्षा दल उभारतो आणि दरोडेखोरांशी सामना करतो. अंगात कुर्ता, खाली जीन्स, सोबत बेला ही तितकीच धीट सहकारी आणि अंगी कोणतीही अद्भुत शक्ती नाही, असा हा नायक होता. गावाने आपले रक्षण आपण करावे, हे त्याच्या कथेचे सूत्र होते. पुढील काळात बहादूरचे कथालेखन जगजीत उप्पल यांच्याकडे गेले. इंद्रजाल माला १९९० मध्ये बंद पडली आणि बहादूरचा नियमित प्रवासही तेथे थांबला.

सुरती यांनी आपले सारे बळ चित्रकथेतच गुंतवले नव्हते. १९६५ मध्ये त्यांची पहिली गुजराती कादंबरी प्रसिद्ध झाली. कादंबऱ्या, कथा, नाटके, बालसाहित्य अशी त्यांची गुजराती आणि हिंदीतील पुस्तके ऐंशीच्या घरात गेली. ‘तीसरी आँख’ या कथासंग्रहाला १९९३ मध्ये राष्ट्रीय पुरस्कार लाभला. चित्रकार म्हणून त्यांनी आरशांच्या तुकड्यांचे कोलाज करून पाहिले. एक झरा आटला तर दुसरा वाहता राहावा, ही मुक्त कलावंताची निकड यामागे होती, तशीच मनाची अस्वस्थताही होती.

पात्र कोणाचे?

चित्रकथेच्या व्यवसायात कलावंताच्या भवितव्याशी निगडित असलेला एक प्रश्न येथे विचारात घ्यावा लागतो. पात्र लोकप्रिय होते, पिढ्यानपिढ्या टिकते. त्याचा आर्थिक लाभ कोणाला मिळतो? ‘अमर चित्र कथा’ मालेतील ‘कृष्ण’ ज्यांनी चितारला, ते राम वाईरकर ‘टिंकल’मधील सुपंडीचेही मूळ चित्रकार होते. पुण्याचे प्रताप मुळीक यांनी ‘अमर चित्र कथा’तील अनेक अंक रंगवले आणि हिंदी वाचकांच्या आवडत्या ‘नागराज’लाही रूप दिले. सुपंडी आणि नागराज ही नावे लाखो मुलांच्या तोंडी होती. त्यांना हातपाय आणि चेहरा देणाऱ्या कलावंतांची नावे फार थोड्यांना ठाऊक होती. अशा मालांमधील पात्रे प्रकाशनसंस्थेची असतात आणि चित्रकाराला त्याच्या कामाचा मोबदला मिळतो, ही या व्यवसायाची जुनी रीत आहे.

भारताचा स्वामित्वहक्क कायदा १९५७ चा आहे. नोकरीच्या कराराखाली केलेल्या कामाचा प्रथम हक्क साधारणपणे मालकाकडे जातो. मुक्त कलावंत मात्र, वेगळा करार नसेल तर, सामान्यतः आपल्या कलाकृतीचा पहिला धनी असतो. हा हक्क दुसऱ्याला द्यायचा झाल्यास तो लेखी द्यावा लागतो, आणि करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते. कलावंताच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत या हक्काचे संरक्षण टिकते. याचा अर्थ असा, की सही करण्यापूर्वी कागद नीट वाचणारा कलावंत नातवंडांसाठीही काही मागे ठेवू शकतो. घराच्या खरेदीखतातील प्रत्येक कलम दोनदा वाचणारे आपण, चित्राच्या किंवा लेखाच्या करारावर मात्र संपादकाच्या स्नेहाखातर डोळे मिटून सही करतो, हा अनुभव कलाक्षेत्रात नवा नाही.

पुढच्या पिढीने यावर एक मार्ग शोधला. स्वतः चित्र काढायचे, स्वतः छापायचे आणि स्वतःच विकायचे. २०११ मध्ये दिल्लीत पहिले ‘कॉमिक कॉन’ भरले आणि पुढे मुंबईसह इतर शहरांत असे मेळे होऊ लागले. तेथे आपल्या पुस्तकांची टेबले मांडून कलावंत वाचकाशी थेट व्यवहार करू लागले. मुंबईच्या अभिजित किणी यांची नऊवारीतील ‘अँग्री मावशी’ ही याच वाटेने वाचकांपर्यंत आली. या वाटेवर हक्क आपला राहतो, तसाच छपाईचा खर्च आणि न खपलेल्या प्रतींचा भारही आपलाच राहतो. कलावंताला येथे लघुउद्योजकाचा जमाखर्च मांडावा लागतो. अशा व्यवसायातील व्यक्तीने उत्पन्न कमी-जास्त असले तरी ते खात्यातूनच फिरवावे, आयकर विवरणपत्र नियमित भरावे आणि चांगल्या महिन्यातील वाढावा वाईट महिन्यासाठी राखून ठेवावा. पगारपत्रक नसलेल्या ग्राहकाची आर्थिक पत या कागदांतूनच दिसते.

एक लाख रुपयांचे काय करावे?

२००७ मध्ये आबिद सुरती ७२ वर्षांचे झाले. निवृत्तिवेतन नाही, भविष्य निर्वाह निधी नाही, अशा माणसाच्या हाती याच सुमारास उत्तर प्रदेश हिंदी संस्थानकडून साहित्यसेवेच्या पुरस्काराची एक लाख रुपयांची रक्कम आली. ती मुदत ठेवीत ठेवावी, असा सल्ला कोणत्याही हितचिंतकाने दिला असता आणि तो योग्यच ठरला असता.

सुरती यांच्या मनात मात्र वेगळेच काही घोळत होते. एका मित्राकडे गेले असता गळणाऱ्या नळाचा आवाज त्यांना बेचैन करून गेला होता. दुरुस्तीसाठी नळकारागीर एवढ्याशा कामाला येत नाही, हे यजमानाचे उत्तरही नेहमीचेच होते. पुढे त्यांच्या वाचनात आले, की सेकंदाला एक थेंब गळणारा नळ महिन्याला हजार लिटर पाणी वाया घालवतो. ज्या मुलाने पहाटे चारला पाण्याच्या रांगेत उभी असलेली आई पाहिली होती, त्याला ही ओळ विसरता येणे शक्य नव्हते.

पुरस्काराच्या रकमेतून त्यांनी ‘ड्रॉप डेड फाउंडेशन’ सुरू केले. पद्धत अगदी साधी होती. आधी इमारतीच्या सोसायटीची परवानगी घ्यायची. पाणी वाचवण्याचे आवाहन करणारे भित्तिपत्रक लावायचे, घरोघर पत्रके पोचवायची. रविवारी सकाळी एक नळकारागीर आणि एक स्वयंसेविका बरोबर घेऊन दार वाजवायचे आणि विचारायचे, ‘घरात कुठला नळ गळतो का?’ गळत असेल तर वायसर बदलून द्यायचा, तोही विनामूल्य. भित्तिपत्रकावरील ‘सेव्ह एव्हरी ड्रॉप ऑर ड्रॉप डेड’ हे घोषवाक्य थोडे झणझणीत खरे. पण ते ढब्बूजीच्या जनकाचे होते, हे ध्यानात घेतले म्हणजे त्याचे नवल वाटत नाही.

पहिल्या वर्षात मीरा रोड परिसरातील १,६६६ घरांना भेटी देण्यात आल्या आणि ४१४ नळ दुरुस्त झाले. जवळपास दर चार घरांमागे एक गळका नळ! हजार लिटरच्या प्रमाणाने या दुरुस्त्यांतून ४ लाख १४ हजार लिटर पाणी वाचल्याचे सांगण्यात आले.

थेंबाचा ताळेबंद

बँकेच्या वाचकाला आकडे तपासून पाहण्याची सवय असते, म्हणून हा हिशेब थोडा तपासू. दिवसाचे सेकंद ८६,४००. पाण्याचे साधारण २० थेंब म्हणजे एक मिलिलिटर धरले, तर सेकंदाला एक थेंब गळणारा नळ दिवसाला सुमारे सव्वाचार लिटर आणि महिन्याला सुमारे १३० लिटर पाणी गमावतो. महिन्याला हजार लिटर जायचे, तर सेकंदाला सात-आठ थेंबांची जवळजवळ अखंड गळती हवी. म्हणजे वृत्तपत्रातील तो आकडा बऱ्याच अधिक गळणाऱ्या नळाचा होता, असे म्हणावे लागेल.

याने त्या कामाचे मोल उणे होते का? मुळीच नाही. सावध प्रमाणानेच ४१४ नळांचा हिशेब मांडला, तरी महिन्याला सुमारे ५४ हजार लिटर आणि वर्षाला जवळजवळ साडेसहा लाख लिटर पाणी वाचते. वायसर एकदाच बदलला जातो. बचत मात्र त्यानंतर रोज होत राहते. एकदा केलेली छोटी गुंतवणूक दर महिन्याला परतावा देत राहावी, असाच हा व्यवहार आहे. फरक एवढाच, की येथे परतावा गुंतवणूकदाराच्या खात्यात न जाता गावाच्या जलाशयात जमा होतो.

‘थेंबे थेंबे तळे साचे’ ही म्हण बचतीचे महत्त्व सांगताना आपण इतक्या वेळा वापरली आहे, की तिच्यातील थेंब आणि तळे आपल्याला दिसेनासे झाले आहेत. आबिद सुरती यांच्या कारकिर्दीत या म्हणीचे दोन्ही अर्थ प्रत्यक्ष उतरलेले दिसतात. आठवड्याला एक चित्रपट्टी हे तीन दशकांत साचलेले तळे होते, आणि रविवारी बदललेला एकेक वायसर हेही तसेच. दोन्ही कामांना मोठे भांडवल लागले नाही, मोठी यंत्रणा लागली नाही. लागला तो ठरल्या दिवशी हजर होण्याचा नेम. बहादूरने कथेतील गावकऱ्यांना जे सांगितले, तेच त्याच्या निर्मात्याने आपल्या वस्तीत करून पाहिले : आपल्या गावाची राखण आपणच करायची.

वाचकांनी एक छोटा प्रयोग अवश्य करून पाहावा. आज रात्री निजण्यापूर्वी घरातील गळक्या नळाखाली एक पातेले ठेवावे आणि सकाळी त्यातील पाणी मोजून कागदावर लिहावे. त्या आकड्याला तीनशे पासष्टने गुणले, की नळकारागिराला बोलावण्यासाठी आणखी कोणाच्या सल्ल्याची गरज उरणार नाही.